उभ्या गाडीची बॅटरी उतरते? आधी गळती शोधा
दोन दिवस गाडी हलली नाही की बॅटरी ठार, आणि नवी टाकूनही तेच? मग बंद गाडीत काहीतरी करंट खातंय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून १० अँपिअर रेंजचा डिजिटल मल्टिमीटर आणा.

चावी काढून लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर सिरीजमध्ये जोडा, म्हणजे मीटरचं एक टोक केबलला, दुसरं टर्मिनलला. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवी. आता अर्धा तास हात लावू नका. आजकालच्या गाड्यांतली कंट्रोल मॉड्यूल्स (छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ घेतात, घाई केली की आकडा फसवतो. फ्यूज बॉक्ससाठी दार उघडं लागत असेल, तर दाराच्या कडेचा लॅच (खटका) स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं.

अर्ध्या तासाने मीटरवरचा आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३००-४०० दिसले, तर एकेक फ्यूज काढा; ज्याला आकडा धाडकन पडेल, त्याच सर्किटमध्ये दोष. माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या स्टिरिओ, डॅशकॅमवर. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तपासून घ्या.

मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.