दगड लागला म्हणून थांबू नका : घराच्या जागेची तपासणी करताना या चुका टाळा

पुण्याखाली बेसाल्ट आहे, तेव्हा थोडे खणले की दगड लागणारच, या भरवशावर अनेक जण माती तपासणी टाळतात किंवा प्लॉटच्या एका कोपऱ्यात एकच बोअर (तपासणीसाठी यंत्राने पाडलेले भोक) घेऊन काम उरकतात. प्रत्यक्षात हा खडक लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. त्यात कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे सच्छिद्र दगड, तर कुठे दोन थरांच्या मध्ये मातकट लाल पट्टा असतो आणि हा पट्टा उघडा पडून भिजला की मऊ पडतो. शिवाय दगड कुजताना मोठे गोल धोंडे मुरमात तसेच शिल्लक राहतात. यंत्र अशा धोंड्यावर अडले की अहवालात खडक लागल्याची नोंद होते आणि त्याच्या आधारावर फूटिंगची, म्हणजे पायाच्या तळाची, खोली ठरते. म्हणून दगड लागल्यावरही काही मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढून घ्यावा, बोअर इमारतीच्या वेगवेगळ्या भागांत घ्यावेत आणि पेटीतला कोअर मालकाने स्वतः पाहावा. सलग लांब तुकडे निघाले आहेत की नुसता चुरा, हे समजायला अभियंता असावे लागत नाही.

काळ्या मातीबाबतची चूक वेगळी असते. भिजली की फुगणाऱ्या आणि वाळली की आकसणाऱ्या या मातीवरच ‘थोडीच आहे’ म्हणून जोत्याची भर घातली जाते. तिची फुगण्याची चाचणी मात्र अगदी साधी आहे. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन एक भाग पाण्याच्या, दुसरा रॉकेलच्या नळकांड्यात टाकतात आणि २४ तासांनी दोन्हींचे आकारमान मोजतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरकच तिचा स्वभाव सांगतो. घर आधीच उभे असेल आणि दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेले तिरके तडे ऋतूनुसार रुंदावत व मिटत असतील, तर संशय पायाखालच्या मातीवर घ्यावा. अशा वेळी तडे लिंपत बसण्याऐवजी गच्चीचे पाणी पायापासून दूर सोडणे आणि भिंतीलगत बाहेर उताराची फरसबंदी करणे हे पहिले उपाय ठरतात. मोठी झाडे पायाला लागून लावू नयेत.

जागा सपाट आहे म्हणजे ती मूळचीच सपाट आहे, असेही नाही. जुन्या दगडखाणी आणि ओढ्यांची पात्रे राडारोड्याने बुजवलेली असू शकतात. गाव नकाशा आणि जुनी उपग्रह छायाचित्रे पाहिली की हे बहुधा उघड होते. बुजवलेल्या ओढ्याला पावसाळ्यात आपली वाट आठवते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठची घरे पाण्यात गेली, ते पुणेकर विसरलेले नाहीत.

भूजलाची नोंद मे महिन्यात घेऊन ‘पाणी लागले नाही’ असे लिहिणे ही तर नेहमीची गोष्ट. आपल्याकडे पाणी खडकाच्या भेगांतून आणि मुरमातून फिरते, आणि ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कितीतरी वर येते. ड्रिलिंगसाठी सोडलेले पाणीही बोअरमध्ये उभे राहते, त्यामुळे पातळी काम संपल्यानंतर एक दिवस थांबून मोजावी आणि पावसानंतर आसपासच्या विहिरी पाहाव्यात. तळघर किंवा जमिनीखालची टाकी असेल, तर पाणी तळाच्या स्लॅबच्या जेवढे मीटर वर चढेल, तेवढे टन दर चौरस मीटरला खालून वर रेटतात. टाकी भरलेली असताना हे जाणवत नाही, पण धुण्यासाठी रिकामी केली की तळ उचलला जाऊ शकतो.

उताराचा प्रश्न सर्वांत गंभीर. मुरमाचा उभा काप उन्हाळ्यात ताठ उभा राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात सुटतो. पुणे जिल्ह्यातील माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला तो मुसळधार पावसातच, आणि २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली तीही पावसातच. संरक्षक भिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला छिद्रे नसतील, तर भिंतीला मातीबरोबर पाण्याचाही दाब पेलावा लागतो. छिद्रे असूनही पावसात कोरडी दिसत असतील, तर ती तुंबली आहेत असे समजून आधी साफ करून घ्यावीत. भिंतीला पोट सुटले असेल किंवा वरच्या जमिनीत कड्याला समांतर भेग दिसत असेल, तर ती भेग मुरूम टाकून बुजवू नये. खालची जागा रिकामी करून भूतंत्र (माती-खडकाच्या) अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे.