चपला घालून जेवायची रात्र

ऊसतोडीला निघायच्या दिवसांत माय आम्हाला चपला उशाशी ठेवून झोपवायची. मुकादमाच्या ट्रकचा नेम नसायचा. उद्या संध्याकाळी येतो म्हणायचा आणि उगवायचा तिसऱ्या दिवशी मध्यरात्री. हॉर्न वाजला की कोयते, पत्र्याची पेटी, तवा, काथवट, लेकरं, सगळं अर्ध्या तासात गाडीत. अंबड तालुक्यातलं आमचं ख्रिस्ती घर दिवाळीनंतर असं उठायचं आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत म्हणजे झोपडीत राहायचं. म्हणून बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा बारावा अध्याय, इस्राएल लोक मिसरातून म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून निघाले ती रात्र, मला कुणी फोड करून सांगावा लागला नाही. कंबर कसलेली, पायांत जोडे, हातात काठी आणि घाईघाईने घास, हे मी मायच्या घरात पाहिलेलं होतं. काथवटीसुद्धा त्या अध्यायात आहेत. पीठ फुगायच्या आत इस्राएल लोकांनी त्या कापडात गुंडाळून खांद्यावर घेतल्या.

आता मी जालन्यात बायकांची प्रार्थना घेते. प्रभू केव्हाही येईल, तयार राहा, हे सगळ्या जणी ऐकतात. तयारीत हाताने काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही वर्षातून एकदा वल्हांडणाची, म्हणजे मिसरातून सुटायची ती रात्र घरी पाळतो. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदली, म्हणजे गुरुवारची रात्र.

सुरुवात मात्र त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी करा. मिसरात कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं आणि चौदाव्यापर्यंत सांभाळायचं होतं. ते मधले चार दिवस फार मोलाचे आहेत. निघायचं एका रात्रीत असलं तरी सुटायला वेळ लागतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच्याच टोळीत, हे ऊसतोड्याच्या लेकराला ठाऊक असतं. तसं मनावर कुणाचं काय देणं राहिलंय ते कागदावर उतरवा. नावं लिहा. दुकानदाराची उधारी, जावेची परत न दिलेली पातेली, ज्याच्याबद्दल आपण खोटं बोललो तो माणूस, आणि ज्याच्याशी अबोला आहे तो. मग रोज एक-दोन नावं घ्या आणि उठून जा. नुसती प्रार्थना करून नाव खोडू नका. पैसे एकदम देता येत नसतील तर कधी देणार ते तोंडावर सांगून या. वल्हांडणाच्या आधी घरातलं खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, काढून टाकायचं असतं, आणि प्रेषित पौल करिंथकरांच्या पत्रात जुनं खमीर म्हणून जे सांगतो ते वाईटपणा आणि दुष्टपणा आहे. ते फडताळात सापडत नाही, या कागदावरच सापडतं.

बोकड कापू नका. आपल्याकडे कंदुरीची, म्हणजे बोकड कापून जेवण घालायची सवय, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त, तो एकदाच अर्पण झाला. चौकटीला रंगही लावायचा नाही. त्या रात्री मिसरात घरातली माणसं चौकटीला लावलेल्या कोकराच्या रक्ताच्या आडोशाला होती म्हणून वाचली, हे लेकरांना सांगितलं की पुरे.

जेवण साधं ठेवा. भाकरीसाठी वेगळं काही करावं लागत नाही, आपली ज्वारीची भाकरी मुळातच बेखमीर. कडू म्हणून करडईची भाजी चालली असती, पण ती थंडीतली. या दिवसांत कडुलिंबाला कोवळा पाला असतो, त्याची चार-चार पानं प्रत्येकाच्या ताटात ठेवा. गुलामीची चव लेकरांच्या जिभेला लागू द्या, वर लगेच गूळ देऊ नका. भाकरी मोजून करा, सकाळपर्यंत उरायला नको. आणि घर लहान असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्या, ही आज्ञाच आहे. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी असेल तर तिला आधी बोलवा.

आता चपला. चपला घालून ताटावर बसायला बायका बिचकतात. अन्नाचा मान जातो म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. चपला घासूनपुसून घ्या, पण घाला. पदर खोचा. अवघडल्यासारखं वाटेल, वाटू द्या. घरात बसलोय आणि तरी हे कायमचं घर नाही, हे त्या अवघडलेपणातून जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्यातून कधी कुणाला कळलं नाही. लेकरं विचारतीलच, हे काय चाललंय? त्यांनी विचारावं अशीच त्या अध्यायाची अपेक्षा आहे. तेव्हा गोष्ट सांगा: चारशे तीस वर्षं मिसरात काढली, आणि निघायच्या वेळी पीठ फुगेपर्यंतही सवड मिळाली नाही. मग लूकच्या शुभवर्तमानातलं १२:३५ वाचा. कंबरा बांधलेल्या आणि दिवे लागलेले असू द्या, हे येशू शिष्यांना सांगतो.

जेवल्यावर दार लावा, मोबाइल बंद करा आणि तासभर जागे राहा. गाणी म्हणा किंवा गप्प बसा. म्हातारीला डुलकी लागली तर उठवू नका. ती जागरणाची रात्र होती असं लिहिलंय, आणि त्या रात्री आधी परमेश्वर स्वतः जागला.

कागदावर एखादं नाव बहुतेक राहतंच. माझ्या मायचं राहिलं होतं. विहिरीच्या पाण्यावरून तिचा मावशीशी अबोला होता. ट्रक आला तेव्हा मावशी समोरच्या ओट्यावर उभी होती. माय म्हणाली, आल्यावर बघू. चैत्रात आम्ही परतलो तेव्हा मावशीला जाऊन दोन महिने झाले होते. माय त्या रिकाम्या ओट्यावर बसून राहिली, तिला उठवायला आम्ही चौघं लागलो.

म्हणून शुक्रवारी उजाडलं की चपला काढू नका. कागद पदराला बांधा आणि राहिलेल्या घरी जा, उपासनेच्या आधी. ते गाव लांब असेल तर पहिली एसटी धरा.