शॉवरचं पाणी मधेच कढत का येतं?
अंघोळ चालू असताना कुणी फ्लश केला की शॉवरचं पाणी एकदम कढत होतं. दोष बहुधा मिक्सरचा, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा, नसतो. गार पाणी फ्लशच्या टाकीकडे वळतं आणि मिक्सरमध्ये गरमचं प्रमाण वाढतं. गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवला, तर मुळात गार पाणी थोडंच मिसळावं लागतं. त्यामुळे ते कमी झालं तरी फारसं जाणवत नाही. छोट्या गिझरचं गरम पाणी मात्र लवकर संपेल. तरीही घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर हे कराच, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, थोडा आवळूनही फरक पडतो. टाकी जरा सावकाश भरेल, इतकंच.