फिरणाऱ्यांनी पहिलं क्रेडिट कार्ड कसं घ्यावं आणि त्याहून महत्त्वाचं, बिल कसं भरावं

ऑफिसमध्ये कुणाचा पहिला पगार झाला की महिनाभरात माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, ताई मी आता फिरायला जाणारे, विमानतळावरचे लाऊंज सगळ्यात जास्त कुठल्या कार्डावर मिळतात? हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. लाऊंजमधला उपमा आणि कॉफी वर्षातून दोनदा खाणार, बिल वर्षातून बारा वेळा येणार. आणि हल्ली बऱ्याच बँकांनी लाऊंजला आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असावा अशी अट टाकलीय, म्हणजे फुकट म्हणून घेतलेल्या कार्डासाठी उगाच खर्च करत बसायचं.

कार्ड निवडताना मी तीनच गोष्टी बघते. पहिली, वार्षिक फी. पहिलं कार्ड बिनफीचं घ्या, विषय संपला. दुसरी, फॉरेक्स मार्कअप. परदेशात कार्ड वापरलं की साध्या कार्डावर बँक साधारण साडेतीन टक्के लावते आणि त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ४.१३ टक्के. एक लाख खर्च केलेत तर ४,१३० रुपये नुसते उडाले, आणि पॉइंट्स मिळून मिळून किती मिळतात, एक-दीड टक्का? त्यामुळे बाहेर जाणार असाल तर मार्कअप शून्य किंवा कमी असलेलं कार्ड शोधा, पॉइंट्सची जाहिरात नंतर वाचा. तिसरी, नेटवर्क. परदेशासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड. रुपे दुसरं कार्ड म्हणून छान आहे, कारण ते यूपीआयला जोडता येतं आणि क्यूआर दुकानाच्या नावाचा असेल तर गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या टपरीवरही चालतं.

पगार कमी असेल किंवा सिबिल स्कोअरच (तुम्ही आधीची उधारी कशी फेडली याचे गुण) नसेल तर एफडीवर कार्ड घ्या. बँकेत एफडी ठेवायची, तिच्यावर लिमिट मिळतं, व्याजही चालू राहतं. आणि एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये राहते.

कार्ड आलं की ॲपमध्ये जाऊन लिमिट सेट करा. परदेशातला वापर नवीन कार्डावर बंदच असतो, जायच्या आदल्या दिवशी चालू करायचा.

आता बिल. इथे मी स्वतः आपटलेय, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी दोन तारखा नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक या दोन एकच समजतात. एक स्टेटमेंटची तारीख, ज्या दिवशी महिन्याचा हिशोब बंद होतो. दुसरी ड्यू डेट, ज्या दिवसापर्यंत पैसे भरायचे. समजा स्टेटमेंट १८ तारखेला बनतं आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याची ७. विमानाचं तिकीट तुम्ही १७ तारखेला काढलंत तर ते लगेच दुसऱ्या दिवशीच्या स्टेटमेंटमध्ये येणार आणि तुमच्या हातात तीन आठवडे. तेच तिकीट १९ ला काढलंत तर ते पुढच्या महिन्याच्या १८ ला बिलात येणार आणि भरायचं त्याच्याही पुढच्या ७ ला, म्हणजे जवळजवळ ५० दिवस बिनव्याजी. मोठं बुकिंग असेल तर मी स्टेटमेंट होऊन जाऊ देते, मग काढते. तारीख पगाराशी जुळत नसेल तर बँकेकडून बिलाचं चक्र बदलून मिळतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमात एकदा तरी तो हक्क आहे, मागून घ्या.

आता माझं काय झालं ते. २०१८ मध्ये आम्ही बालीला गेलो होतो, तिकिटं हॉटेलं सगळं कार्डावर, बिल आलं ६२,४००. त्यात ६,८०० उबुदच्या एका हॉटेलचे, जे आम्ही कॅन्सल केलं होतं आणि हॉटेलने मेलवर लिहून दिलं होतं की सात ते दहा दिवसांत रिफंड जमा होईल. मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली, ५५,६०० भरले, ड्यू डेटच्या दोन दिवस आधी भरले, आणि निर्धास्त झाले. रिफंड आला ड्यू डेट उलटल्यावर चार दिवसांनी. पुढचं स्टेटमेंट उघडलं तर व्याज अडीच हजारांच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून तीन हजारांच्या आसपास. मला वाटलं चूक आहे. ६,८०० वर चार दिवसांचं व्याज तीन हजार कसं होईल? फोन लावला, बराच वेळ होल्डवर ठेवून त्यांनी सांगितलं, मॅडम फुल पेमेंट झालं नव्हतं, त्यामुळे व्याज सगळ्या बिलावर लागलं आणि तेही खर्च केला त्या दिवसापासून. त्या दिवशी संध्याकाळी मी स्टेटमेंटचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के लिहिलेलं, म्हणजे वर्षाला ४२.

आणि ते तिथेच थांबलं नाही. एकदा बाकी राहिली की नव्या खर्चावरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे त्या महिन्यात डी-मार्टमधून आणलेल्या किराण्यावरसुद्धा खरेदी केली त्या दिवसापासून व्याज. सगळं चुकतं केल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज आलंच, मधल्या दिवसांचं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: येणारा रिफंड म्हणजे आलेले पैसे नाहीत. ड्यू डेटच्या आत प्रत्यक्ष कार्डावर जमा झाला तर बँकेने तो त्याच बिलातून वळता करायला हवा, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ॲपमध्ये भरायची रक्कम कमी झालेली दिसते. दिसली नाही तर पूर्ण भरा. रिफंड नंतर आला तर तो कार्डावर शिल्लक राहून पुढच्या बिलात वजा होतो किंवा बँक तो तुमच्या खात्यात जमा करते, तुमचं काहीही जात नाही. व्याजाच्या हिशोबाची पद्धत बँकेगणिक थोडी वेगळी असते, एमआयटीसी म्हणून कार्डाच्या मुख्य अटींचा जो कागद मिळतो त्यात उदाहरण देऊन सांगितलेली असते, तेवढं एक पान वाचाच.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरला की झालं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्याने फक्त लेट फी टळते, व्याज चालूच राहतं. थोडी बाकी ठेवली की सिबिल सुधारतो हेही साफ खोटं आहे. सिबिल सुधारतो वेळेवर पूर्ण भरून आणि लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापर ठेवून.

प्रवासात बिलाची तारीख येत असेल तर ऑटो पे लावून जा, पण लावताना नीट बघा, तिथे दोन पर्याय असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. आमच्या शेजारच्या काकांच्या मुलाने मिनिमम निवडला होता आणि सहा महिने त्याला वाटत होतं बिल भरलं जातंय. टोटल निवडा आणि खात्यात दोन दिवस आधी पैसे ठेवा.

परदेशात कार्ड वापरताना एकच जागा अडते. बँकॉकमध्ये बिल देताना वेटर मशीन तुमच्यासमोर धरतो, स्क्रीनवर दोन रकमा, एक बाथमध्ये, एक रुपयांत. रुपये दिसले की हायसं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. दाबू नका. तो रेट मशीनवाल्याने ठरवलेला असतो, मी ताडून पाहिलाय, मला तो पाच-सहा टक्के महाग पडत होता, आणि शून्य मार्कअपचं कार्ड घेतल्याचा सगळा फायदा तिथेच जातो. नेहमी त्या देशाचं चलन निवडायचं. कधी कधी वेटर स्वतःच रुपये दाबून पावती आणतो, अशा वेळी सही न करता ट्रान्झॅक्शन रद्द करून परत करायला सांगा, संकोच करू नका.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे कधीच काढू नका. फी वेगळी आणि व्याज पहिल्या मिनिटापासून. रोख रकमेसाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) न्या.

हॉटेलात चेक-इनला डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवतात, ती क्रेडिट कार्डावरच अडकवू द्या, डेबिटवर तुमचे खरे पैसे अडकतात. पण लिमिट तेवढं मोकळं ठेवा. दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत. भारतातलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. कार्ड हरवलं तर आधी ॲपवरून ब्लॉक, मग बँकेला कळवा, आणि न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा, तीन दिवसांनंतर तुमची जबाबदारी वाढत जाते.

घरी आल्यावर परदेशातला वापर बंद करा, पावत्यांचा गठ्ठा फेकू नका. बाहेरचे व्यवहार दोन-तीन दिवसांनी पक्के होतात, रक्कम थोडी बदलते, म्हणून स्टेटमेंट आलं की एकेक पावती समोर धरून टिक करा आणि हॉटेलने अडकवलेलं डिपॉझिट सुटलं का ते बघा. नसेल सुटलं तर हॉटेलला मेल टाका, आणि बिल तोपर्यंत पूर्ण भरा.