सायलेन्सरच्या टोकाला रंग मारण्याआधी

गाडीच्या सायलेन्सरच्या टोकाला हीटप्रूफ रंग मारायचा ठरवलं असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी त्या रंगाला आच कुठून देणार ते ठरवा. यादीत हे सगळ्यात वर, कारण गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. डब्यावर ६५० अंश छापलेलं होतं, रंग हाताला खडखडीत कोरडा लागत होता, आणि पहिल्यांदा गाडी धुताना तोच रंग फडक्यावर उतरला.

हे रंग सिलिकॉन रेझिनचे असतात. हवेवर ते फक्त सुकतात, पक्के होतात ते भाजल्यावर. इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डला, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपांना, रंग दिला तर इंजिनच तो भाजून काढतं. टोकाचं तसं नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग लांबलचक पाइप, मग सायलेन्सरचा डबा, एवढं पार करून धूर टोकाशी येतो तेव्हा त्यातली बरीच उष्णता वाटेतच गेलेली असते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं टोक रंग पक्का होण्याइतकं तापतच नाही. म्हणून ‘चार दिवस गाडी चालवा, आपोआप सेट होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मॅनिफोल्डसाठी ते खरं आहे, टोकासाठी नाही. रंगाच्या डब्यावरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका. रंग किती सोसतो ते तो आकडा सांगतो. पक्का व्हायला त्याला किती आच किती वेळ लागते, ते डब्यामागच्या बारीक अक्षरांत असतं. तेच वाचा.

आता मुळात रंगाची गरज आहे का ते बघा. टोकाला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर ते बहुधा ३०४ जातीचं स्टेनलेस आहे. त्यावर रंग मारू नका, पॉलिश करा. वरचा तपकिरी थर हा बऱ्याचदा काजळी आणि रस्त्यावरच्या लोखंडी धुळीचा असतो, तो निघतो. सोनेरी झाक आली असेल तर ते टोक कधीतरी ३०० अंशांच्या आसपास तापलेलं आहे, तीही पॉलिशने जाते. चुंबक चिकटला तर साधं लोखंड, क्रोम चढवलेलं लोखंड किंवा ४०९ जातीचं स्टेनलेस. किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवणकडे, खाऱ्या हवेत हीच टोकं आधी गंजतात. रंगाचा विचार यांच्यासाठी.

पर्याय तीन. नेहमीचं पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी चिकटवून भट्टीत भाजलेला थर, साधारण १८० ते २०० अंशांवर भाजलेलं असतं आणि सायलेन्सरसाठी ते नसतं. पावडर कोटिंगवाला ‘चालतंय की’ म्हणाला तरी देऊ नका. घाटात लांब चढण लागली की ते पिवळं पडायला लागतं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यात टिकाऊ. त्यातले काही प्रकार हवेवरच पक्के होतात, म्हणजे आचेचा प्रश्नच मिटतो. पण आधी टोक काढून सँड ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने सफाई) करून घ्यावं लागतं आणि खर्च बराच. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर खुशाल करा. तिसरा पर्याय सिलिकॉनचा स्प्रे. स्वस्त, घरी होणारा, आणि आच नाही दिली तर फुकट.

टोक बोल्टवर असेल तर काढूनच घ्या. बंपर वाचतो आणि ओव्हनमध्ये ठेवता येतं. बोल्ट जाम असेल तर गंज सोडवायचं तेल, पण मग ते तेल पुसण्याची जबाबदारीही तुमची. सैल गंज वायर ब्रशने. क्रोम सुटत असेल तर पोपडे पूर्ण काढा, अर्धवट क्रोमवर काहीही बसत नाही. धड असलेलं क्रोमही चकचकीत ठेवू नका, १८० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारून त्याची चमक घालवा. घराच्या ग्रिलला लावतो तो रेड ऑक्साइड प्रायमर इथे लावायचा नाही, तो जळतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो. प्रायमर हवाच असेल तर त्याच रंगाच्या जोडीचा हीटप्रूफ.

मग थिनरने पुसा. फडकं पांढरं घ्या आणि ते पांढरंच निघेपर्यंत पुसत राहा. त्यानंतर धातूला उघडं बोट लागता कामा नये. सायलेन्सरच्या डब्याखाली पाणी निथळायचं बारीक भोक बऱ्याचदा असतं, डब्यालाही रंग देणार असाल तर ते बुजवू नका. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, ते आत साठलं तर डबा आतून सडतो.

थर पातळ, दोन किंवा तीन, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड थरात थिनर अडकतो आणि तापवल्यावर फोड येतात. पावसाळी दमट दिवशी स्प्रे नको.

आता पुन्हा तेच. आच. अशा बऱ्याच डब्यांवर पद्धत टप्प्यांची असते: १२० अंशांच्या आसपास अर्धा तास, अर्धा तास गार, मग २०० अंश तसंच, मग ३१५ अंश. तुमच्या डब्यावर वेगळं असेल तर तुमचा डबा खरा. एकदम मोठी आच दिली तर फोड येतात, म्हणून टप्पे गाळू नका. घरगुती ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) बहुतेक २५० अंशांपर्यंतच जातो, शेवटचा टप्पा हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, नळी फिरवत फिरवत. ज्या ओव्हनमध्ये पाव-केक होतात तो अजिबात वापरायचा नाही, धूर आणि वास सुटतो. टोक गाडीवरच असेल तर हीट गन बंपरपासून लांब, मध्ये पत्रा धरा. लेझर थर्मामीटर असेल तर काळ्या रंगावर धरा. उघड्या चकचकीत स्टीलवर तो खऱ्यापेक्षा खूप कमी तापमान दाखवतो, आणि आपण उगाच आच वाढवत बसतो. नुसतं इंजिन चालू ठेवून हे काम होत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये तर कधीच करू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, माणूस जातो.

झालं की थिनरमध्ये भिजवलेला कापूस आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, घासून बघा. रंग आला तर आच कमी पडली, पुन्हा तापवा.

बाकीचं थोडक्यात. बसवताना बोल्टला अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण. धुताना टोक गार हवं. अलॉय व्हील साफ करायचं अ‍ॅसिडचं पाणी त्यावर नको. उरलेला डबा उलटा धरून नोझल मोकळं करून ठेवा, टवका उडाला तर तेवढ्याच जागी लावता येतो. आणि तेवढ्या जागेलाही हीट गन दाखवायचीच.