क्यूबरनेटीसमध्ये कुठल्या पॉडने कुणाशी बोलायचं, हे कसं ठरवावं

शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर आम्ही राजारामपुरीतल्या ऑफिसातून सांभाळतो. ते क्यूबरनेटीसवर चालतं, म्हणजे अनेक मशीनच्या गटावर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर. वेब, ऑर्डर, रिपोर्ट आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असे चार पॉड, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारे छोटे घटक. एका दुपारी रिपोर्टच्या पॉडमध्ये शिरून बघितलं, तर तिथून पगाराच्या नेमस्पेसमधला (क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यातला) डेटाबेस थेट लागत होता. हा बिघाड नव्हता. आपण काही सांगितलं नाही तर क्यूबरनेटीसमध्ये कुठलाही पॉड कुठल्याही पॉडशी बोलू शकतो, नेमस्पेस वेगळी असली तरी. हे आवरायला नेटवर्क पॉलिसी असते, म्हणजे कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम.

सगळ्यात आधी क्लस्टरचा नेटवर्क प्लगइन, म्हणजे पॉडना एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर, कुठला ते बघा. कॅलिको किंवा सिलियम असेल तर पुढे चला. नुसतं फ्लॅनेल असेल तर पॉलिसी 'क्रिएटेड' म्हणून दिसते, एरर येत नाही, आणि अडत मात्र काहीच नाही.

मग कागद घ्या आणि कोण कुणाकडे कुठल्या पोर्टवर जातं ते लिहा. आमच्याकडे वेब ऑर्डरकडे ८०८० वर, ऑर्डर आणि रिपोर्ट पोस्टग्रेसकडे ५४३२ वर. पोर्ट पॉडचा लिहा, सर्व्हिसचा (पॉडपुढच्या कायम पत्त्याचा) नको. पॉडवरची लेबलंही याच वेळी तपासून घ्या, कारण पॉलिसी पॉड ओळखते ती लेबलांवरूनच.

आता परवानग्या. पोस्टग्रेसचं लेबल पॉडसिलेक्टरमध्ये (पॉलिसी कुठल्या पॉडला लागू ते इथे लिहितात), 'फ्रॉम'खाली ऑर्डर आणि रिपोर्टची लेबलं, पोर्ट टीसीपी ५४३२. ऑर्डरसाठी तशीच दुसरी. वेबला इन्ग्रेस कंट्रोलरच्या (बाहेरून येणाऱ्यांना साइटवर पोचवणाऱ्या भागाच्या) नेमस्पेसमधून वाट द्या, नाहीतर साइटच बंद पडेल. नंतर सरसकट बंदी: पॉडसिलेक्टरचे महिरपी कंस रिकामे, पॉलिसीटाइप्समध्ये इन्ग्रेस, म्हणजे आत येणारी वाट. 'याला नको' असा नियम इथे लिहिताच येत नाही. पॉलिसींची बेरीज होते आणि एकीनेही वाट दिली की ती उघडी राहते.

यामलमध्ये, म्हणजे पॉलिसी लिहितो त्या फाइलीत, एका आडव्या रेघेवर नजर ठेवा. नेमस्पेससिलेक्टर आणि पॉडसिलेक्टर एकाच रेघेखाली असतील तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पॉडसिलेक्टरपुढे वेगळी रेघ पडली की अर्थ 'हे किंवा ते' होतो, आणि त्या नेमस्पेसमधला प्रत्येक पॉड आत येतो. दुसऱ्याने लिहिलेली फाइल तपासताना मी पहिल्यांदा हीच जागा बघतो.

बाहेर जाणारी वाट, म्हणजे इग्रेस, नंतरच्या दिवशी बंद करा, आणि त्याआधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) उघडा: क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमधल्या डीएनएस पॉडकडे पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. मी हे विसरलो होतो. शनिवारी संध्याकाळी ऑर्डर थांबल्या आणि तासभर आम्ही डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसलो. शेवटी शेजारचा सहकारी लॉग बघून म्हणाला, "भावा, त्याला नावच सापडंना झालंय!" इग्रेस बंद केल्यावर निघणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना परवानगी लागते हेही ध्यानात ठेवा. उत्तराच्या पाकिटांना मात्र वेगळी लागत नाही.

तपासणी पॉडच्या आतूनच करा. रिपोर्टमध्ये शिरून एनसीला (पोर्ट लागतो का ते बघणाऱ्या कमांडला) २ सेकंदांची मर्यादा देऊन पोस्टग्रेसचं ५४३२ मागा, ते लागलं पाहिजे. मग वेबमधून तेच मागा. पॉलिसीने अडवलं की बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही, थेट टाइमआउट होतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पाकीट बहुधा पोचलंय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. म्हणजे ती वाट अजून उघडी आहे. फाइल परत उघडा आणि ती रेघ बघा.