ब्रह्मा आणि गावरान: पिल्लांच्या पायांवर पिसं किती येणार?

ब्रह्मा किंवा कोचीन या पायांवर पिसं असलेल्या जातीचा कोंबडा साफ (बिनपिसांच्या) पायांच्या गावरान कोंबड्यांत सोडला, की पहिल्या पिढीतल्या जवळपास सगळ्या पिल्लांच्या पायाला पिसं येतात. पण बापासारखी गच्च नाहीत. पायाच्या नळीच्या बाहेरच्या अंगाला विरळ रांग आणि बाहेरच्या बोटावर दोन-चार, बस्स. हा गुण अर्धवट प्रबळ आहे: जनुकाची एक प्रत मिळाली तर पिसं थोडी, दोन मिळाल्या तर दाट. जनुकं लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत, त्यामुळे पिसं बापाकडून आली काय नि आईकडून आली काय, हिशोब तोच. यातलं टीबीएक्स५ हे जनुक एरवी पंख घडवतं. या जातींत ते पायातही चालू होतं.

अंडी उबवायला ठेवण्याआधी बाकीचे कोंबडे किमान तीन आठवडे वेगळे करा. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. 'साफ पायांच्या जोडीला पिसाची पिल्लं कशी झाली?' याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

खरी तपासणी पिल्लू वाळल्यावर पहिल्याच दिवशी. पिल्लू उताणं धरा, पाय उजेडाकडे करा आणि बाहेरच्या बोटाच्या कडेला व बोटांच्या बेचक्यात लव आहे का बघा. एखादा केस दिसला तरी ते पिल्लू 'पिसाचं' म्हणूनच लिहा आणि पायात रंगीत रिंग घाला. नोंद पुढे ढकलू नका. तीन महिन्यांची तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) मातीत उकरून उकरून ती दोन पिसं झिजवून टाकते, वरून साफ दिसते आणि पुढच्या पिढीत घोळ होतो.

साफ पाय हवे असतील तर पहिल्या पिढीची आपसात जोडी लावू नका. ब्रह्मा-कोचीनमध्ये जुन्या संकर-प्रयोगांनुसार अशी दोन जनुकं धरतात. आपसातल्या जोडीत १६ पिल्लांमागे एखादंच साफ निघेल. पहिल्या पिढीतली तलंग साफ गावरान कोंबड्याला परत दिली (हाच परतीचा संकर) तर चारांत एक. वीस अंड्यांतून १५-१६ पिल्लं निघाली तर चारेक साफ मिळावीत. आकडे सरासरीचे आहेत, उबवणीच्या एका खेपेत दोनच निघाली तर गडबडू नका. अशी साफ जोडी पुढे बहुतेक साफच पिल्लं देते. लँगशान या पिसाच्या पायांच्या दुसऱ्या जातीत मात्र एकच जनुक धरतात, तिथे परतीच्या संकरात निम्मी पिल्लं साफ निघतात.

उलट दाट पिसं हवी असतील तर पहिली पिढी ब्रह्मालाच परत द्या आणि मधल्या बोटावर पिसं असलेलीच ठेवा. पावसाळ्यात बोटांत चिखलाचे गोळे वाळून बसतात. ते कोमट पाण्यात भिजवून सोडवा. ओढलंत तर वाढतं पीस मुळातून तुटून रक्त येतं. खवल्यांखालचा किडाही पिसांमुळे उशिरा दिसतो.

बाजारातून 'साफ पायाची' म्हणून पक्षी घेताना नळीच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा वर फिरवा. पिसं उपटलेली असली तर रिकाम्या छिद्रांची रांग हाताला लागते.